सिस्टरांचं घर

९ जानेवारी

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "डोक्यात जे काय चाललंय ते यात ओत, जेवताना माझ्या ताटात नको." बरोबरच आहे त्याचं. नोकरी सोडल्याला आज सव्वीस दिवस झाले आणि सव्वीस दिवस तो तेच तेच ऐकतोय.

अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या पाटीखाली घरं सजवण्याचं काम केलं. मोठमोठी हॉटेलं, पण माझ्या वाट्याला कायम बाथरूम. शेवटी शेवटी नवरा मला नळांची डॉक्टर म्हणायला लागला होता. म्हणून बाहेर पडले. तेव्हापासून फोनची वाट बघतेय.

आज तो आला. पलीकडून बाईंचा आवाज, "पडद्याच्या रंगावरून भांडणारी पेशंट तुम्हीच ना?" लगेच ओळखलं. तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं तेव्हा वॉर्डाच्या मुख्य नर्स होत्या त्या. सगळे त्यांना नुसतं सिस्टर म्हणतात. मी शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले होते म्हणे, की हा हिरवा बघून धडधाकट माणूसही आजारी पडेल. त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच पडदा बदलला होता.

आता त्या निवृत्त होतायत. हॉस्पिटलची खोली सोडायची आहे, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, तो आतून करून हवाय. आणि मला विचारतायत. मला.

१२ जानेवारी

भेटून आले. सिस्टर आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच राहतात. थोरलीला त्या ताई म्हणतात, म्हणून मीही. ताईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं. धाकटीचं नर्सिंगचं शिक्षण त्या मशीनवर झालं, असं सिस्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, "झालं हिचं पुराण सुरू."

सिस्टरांना काय हवंय ते त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. चकचकीत फरशी नको, स्टील नको, पांढरं काही नको. लाकूड, दगड, वेत, सुती कापड. "सदतीस वर्षं फिनेलचा वास घेतला. आता सुट्टीला गेल्यासारखं घर हवं. तुम्ही त्या रिसॉर्टांचं करायचा ना, तसं."

ताई म्हणाल्या, "सुट्टीला गेलेलं माणूस घरी परत येतं. आपण सुट्टीतच राहिलो तर परत कुठे यायचं, धाकटे?"

काम मला मिळालं. जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते. सिस्टर, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

१७ जानेवारी

नमुने घेऊन गेले होते. रंगांचा तक्ता मी मोठ्या हौसेने केला होता. वाळूच्या रंगाच्या अकरा छटा. ताईंनी तो हातात घेतला आणि न बघताच बाजूला ठेवला. जरा लागलं मला. मग मात्र दगडाचा तुकडा, वेताची जाळी, तागाची चटई, एकेक घेऊन कितीतरी वेळ चाचपत बसल्या. डोळे मिटून. "हा दगड चांगला. हा नको, गुळगुळीत आहे. हे कापड धुतल्यावर आटेल." शिवणकाम केलेली बाई, बोटांनीच विचार करणार. रंगाचं मात्र त्यांना काडीचं पडलेलं नाही.

सिस्टरांचं उलटं. त्यांनी उजेडाबद्दल पाऊण तास घेतला. भरपूर हवा, पण डोळ्यांवर येणारा नको. कोपरे अंधारे नकोत. ऑपरेशनच्या खोलीतली सवय असणार.

२५ जानेवारी

नकाशा पसंत पडला. भिंतींना चुन्याचा गिलावा, सगळीकडे एकच वाळूचा रंग, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी वीतभर उंच लाकडी चौथरा. त्यावर गाद्या, समोर आकाश. हा चौथरा माझा जीव आहे. रिसॉर्टमध्ये असा काढायची संधी मला कधी मिळाली नाही, तो नेहमी साहेबांच्या वाट्याला जायचा.

सुतार चांगला मिळालाय. साठीचा माणूस, दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल, त्यातली सहा "अर्धा सूत कमी आहे" अशी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मी त्याचं नावच अर्धासूत ठेवलंय. तोंडावर मिस्त्री म्हणते.

८ फेब्रुवारी

गिलाव्याला तडे गेले. सगळा उतरवून पुन्हा. दिवसभर वाटत राहिलं, मी बाथरूमचीच आहे. जेवले नाही. नवऱ्याने भात मऊ करून समोर ठेवला आणि म्हणाला, "नळाला तडा जात नाही, हे मान्य. पण नळाकडे बघत कोणी बसतही नाही." काही वेळा हा माणूस बरं बोलतो.

२० फेब्रुवारी

गिलावा बसला. हात फिरवला की थंडगार मातीसारखा लागतो.

सिस्टर रोज येतात. आज एक विचित्र गोष्ट. मी त्यांना पलंग इकडून तिकडे सरकवून बघण्याबद्दल विचारत होते, तर म्हणाल्या, "एकदा ठेवलेली वस्तू नंतर हलणार नाही, असं करा. खुर्चीसुद्धा." वॉर्डाची शिस्त हाडात मुरलीय. सुट्टीला गेल्यासारखं घर हवंय आणि खुर्चीला ड्युटी लावायची.

मग त्यांच्या जुन्या खोलीवर चहाला गेले. ताईंनी केला. ओतताना कपात बोटाचं टोक घालतात, जुन्या बायकांची सवय. मी काही बोलले नाही, प्यायले. मी दाराशी नुसती उभी होते तेव्हा मला म्हणाल्या, "मिस्त्री, या ना, बसा." मी हसले तर त्याही हसल्या. "तुझ्या अंगालाही भुशाचा वास येतो हल्ली," म्हणाल्या. कौतुकच वाटलं मला.

३ मार्च

चौथरा झाला. मिस्त्रीने विचारलं होतं, "मॅडम, कडेला एक गडद पट्टी मारू का? जमीन आणि हा एकाच रंगाचा, पायरी दिसत नाही." मी म्हटलं, "न दिसणं हीच तर गंमत आहे." त्याने खांदे उडवले. वीस फोटो काढले. इतकं शांत काही मी याआधी केलं नव्हतं. देवाची, सिस्टरांची, गवंड्याची, मिस्त्रीची, सगळ्यांची ऋणी आहे. आज झोप छान लागणार.

६ मार्च

ताई पडल्या.

नीट लिहिते. सकाळी अकराला दोघी बघायला आल्या. ताई खिडकीकडे चालत गेल्या, सरळ, न थांबता, आणि चौथऱ्याला पाय अडखळून हातावर पडल्या. तो आवाज माझ्या कानातून जात नाहीये.

मी उचलायला धावले तर सिस्टर म्हणाल्या, "थांबा." त्या जमिनीवर ताईंच्या शेजारी बसल्या, मनगट हातात घेतलं, बोटं एकेक करून हलवायला लावली. मग मिस्त्रीकडे दोन लाकडी पट्ट्या मागितल्या, वीत वीत लांबीच्या. त्याने कापल्या, आणि तेवढ्या घाईतही त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून मगच दिल्या. सिस्टरांनी हात बांधला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. जाताना मला म्हणाल्या, "उद्या बोलू."

मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.

मिस्त्री मला एका शब्दाने काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

८ मार्च

काम जाणार म्हणून तयारीनेच गेले होते. सिस्टर औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. ताई एकट्याच बसल्या होत्या, हात उशीवर.

मी माफी मागायला लागले. ताईंनी अडवलं. "तुझा चौथरा सुंदरच असेल. मला दिसलाच नाही तो."

"पट्टी मारायला हवी होती, ताई."

"अगं, नीट ऐक. मला दिसत नाही. काचबिंदू आहे दोन्ही डोळ्यांना. बाजूचं सगळं गेलंय. नळीतून बघावं तसं समोरचं थोडं दिसतं, तेही धूसर."

रंगांचा तक्ता. चहातलं बोट. "मिस्त्री, या ना." दोन महिने माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी या बाईंना रंगांचं काही पडलेलं नाही म्हणून मनात नावं ठेवत होते.

डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात. गेलेलं परत येणार नाही, पण जे उरलंय ते टिकेल. ताईंनी ते पुढे ढकललंय. त्यानंतर काही आठवडे कोणीतरी सतत लागणार, दर दोन तासांनी थेंब, वाकायचं नाही, उचलायचं नाही. "सदतीस वर्षं लोकांची आजारपणं काढली तिने. परवा कुठे सुटली. आता परत माझ्या उशाशी ड्युटी? घर होऊ दे, चार महिने हिला सुखाने बसू दे, मग बघू. तिला यातलं काही ठाऊक नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

मी शब्द दिला. द्यायला नको होता का? कळत नाही.

११ मार्च

काम गेलं नाही. सिस्टरांनीच फोन केला. चौथरा काढून टाका म्हणाल्या, जमीन सपाट करा. आणि पुढे आपण होऊन, "प्रत्येक खोलीत पायाखाली वेगळं काहीतरी असू दे. दारांच्या चौकटी गडद करा. आणि बोळातून हात धरायला काहीतरी, पण हॉस्पिटलसारखा दांडा नको."

मला हसावं की रडावं कळेना. ताईंसाठी नेमकं जे लागेल तेच सिस्टर मागतायत, आणि त्यांना पत्ताही नाही. काय नशीब म्हणायचं हे. नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "त्या नर्स आहेत ना गं?"

म्हटलं, "आहेत. त्याचा इथे काय संबंध?"

त्याने आणखी पोळी घेतली.

२३ मार्च

चौथरा निघाला. मी स्वतः पहारीने पहिली फळी उचकटली. मिस्त्री म्हणाला, "लाकूड वाया जाणार नाही." त्याच फळ्यांमधून त्याने बोळासाठी कमरेच्या उंचीची पट्टी काढली. भिंतीत रुतवलेली, वरून गोल, आतून बोटं अडकतील अशी खाच. बघणाऱ्याला नक्षी वाटावी. स्वयंपाकघराशी आली की तिला एक खोलगट खूण, बाथरूमशी आली की दोन. ही कल्पना त्याची. मी काही सांगितलं नव्हतं त्याला. त्याचे वडील शेवटी शेवटी आंधळे झाले होते, एवढंच म्हणाला, आणि रंधा मारायला लागला.

आता बाहेरच्या खोलीत लाकूड, बोळात जाड विणीची चटई चिकटवून, स्वयंपाकघरात खरबरीत दगड, निजायच्या खोलीत बुचाची मऊ फरशी. मी चपला काढून, डोळे मिटून फिरले. पहिल्यांदा कपाळमोक्ष होता होता वाचला, दाराची कडी नको तिथे होती. ती बदलली. दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा बोळाच्या मधोमध थांबले आणि मला उगाचच रडू आलं. आधीचं घर मी फोटोसाठी केलं होतं.

४ एप्रिल

आज सामान बांधायला मदत करायला गेले. ताई शेजारणीकडे निरोप घ्यायला गेल्या होत्या. सिस्टर फ्रिज रिकामा करत होत्या. भाजीच्या कप्प्यात, सगळ्यात खाली, एका जुन्या बटणांच्या डबीत थेंबांची छोटी बाटली. सिस्टरांनी ती काढली, पिशवीतून नवी काढली, तिचं सील फोडलं, निम्मं औषध बेसिनमध्ये ओतलं, आणि नवी बाटली डबीत ठेवून डबी परत जिथल्या तिथे.

मी बघतेय हे त्यांना माहीत होतं.

"उघडल्यावर महिनाभरच चालतं हे औषध," त्या म्हणाल्या. "ताईला ते ठाऊक नाही, ती थेंब थेंब पुरवून वापरते. म्हणून मी बदलते. भरलेली ठेवली तर ओळखेल."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. हे घर काय मी माझ्यासाठी करतेय असं वाटलं तुम्हाला? मला कुठेही टाका, मी झोपते."

 त्याच पुढे बोलल्या, "तिला वाटतं मला कळलं तर माझा आराम जाईल. मग कळलं नाही असं दाखवणं, एवढा आराम मी तिला देऊ शकते. तुम्हालाही मी आधीच सांगायला हवं होतं. ती पडली ते माझ्यामुळे, तुमच्या चौथऱ्यामुळे नाही. पण थेंबांवर डोळे स्थिर आहेत, तेवढं बरं."

स्थिर नाहीत. डॉक्टर कापायचं म्हणतायत. ते माझ्या पोटात आहे, आणि मी शब्द दिलाय.

उरलेलं सामान बांधलं आणि घरी आले.

५ एप्रिल

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "शब्द मोडलास तर ताई रागावतील. नाही मोडलास तर?"

सकाळीच सिस्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "ताईला घेऊन चारला फ्लॅटवर येते. तुम्हीही या."

जावंसं वाटत नव्हतं. गेले.

नव्या घरात बसायला अजून काही नव्हतं, तिघी लाकडी जमिनीवर बसलो. सिस्टरांनी सरळच विचारलं, "ऑपरेशन कधी सांगितलंय डॉक्टरांनी?"

ताईंचं तोंड माझ्याकडे वळलं. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही तर."

"नाही भिजला, ताई," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार.

"मी तुझी पेशंट होणार नाही, धाकटे," ताई म्हणाल्या.  "रात्री-बेरात्री तुझं जेवण झाकून ठेवून मी वाट बघितलीय. पाय सुजून यायचीस. आता कुठे तुझे पाय घरात टिकणार, तर मी ते परत धावायला लावू?"

सिस्टर म्हणाल्या, "मला पेशंट आवडतात, ताई. कुठे दुखतंय ते तरी सांगतात."

 खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"तुला कधी कळलं?" ताईंनी विचारलं.

"दोन वर्षांमागे उशीचे अभ्रे शिवलेस ना. शिवण वाकडी होती. तुझी शिवण वाकडी मी जन्मात पाहिली नव्हती. तेव्हाच वाटलं, डोळ्यांत काहीतरी आहे. मग डबी सापडली."

 ताई अगदी वेगळ्याच आवाजात, कारागिराच्या, "वाकडी होती?"

"अर्धं बोट."

"आणि तू तसेच वापरलेस? लोकांनी बघितले असतील."

"बघू देत."

"उसवून आण. परत घालून देते," ताई म्हणाल्या. आणि मग रडल्या, प्लास्टरचा हात मांडीवर तसाच ठेवून. सिस्टर त्यांच्याजवळ सरकून बसल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ उगाच उघडून बंद केला. आवाज चांगला होता त्याचा.

२९ एप्रिल

परवा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, व्यवस्थित. दुसऱ्याचं तीन आठवड्यांनी. मिस्त्री हॉस्पिटलात भेटायला गेला होता, हातात पिशवी. तपासायला म्हणून सिस्टरांनी उघडली, तर आत पेल्याला बसतील अशी दोन लाकडी झाकणं. मोजमाप कुठून घेतलं होतं कोण जाणे.

ताई अजून माझ्याशी तुटक बोलतात.

२५ मे

दुसराही डोळा झाला. राहायला गेल्यात त्या. ताईंचा फोन आला, आपण होऊन. "बोळातल्या पट्टीवर तिसरी खूण कसली गं? तीन खोलगट."

म्हटलं, "मला ठाऊक नाही, मिस्त्रीने केली असेल."

"तिथे काय आहे माहितीये? काही नाही. नुसती भिंत. तिथे टेकून उभं राहिलं की खिडकीतून वारा येतो बरोबर अंगावर. त्या माणसाला सांग, मला सापडली."

मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "अर्धा सूत वर झालीय ती." पण दिवसभर खुशीत होता.

२१ जून

आज फोटो काढायला गेले. दोन ठिकाणी कामाचं बोलणं चाललंय, त्यांना दाखवायला हवेत. दुपारी तीनची वेळ दिली होती सिस्टरांनीच.

दार ताईंनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. ती झोपलीये."

सिस्टर खिडकीखालच्या वेताच्या बाजेवर आडव्या झाल्या होत्या. तोंड थोडं उघडं, एक सपाता पायात, दुसरी जमिनीवर. भिंतीवर ऊन पडलं होतं, त्यांच्या अंगावर नव्हतं. बारा वाजता लवंडल्या होत्या, नुसतं पाठ टेकते म्हणून.

"तीन तास झाले," ताई कुजबुजल्या. "दुपारची झोपलेली मी हिला कधी बघितली नाही. लहानपणीसुद्धा नाही."

"उठवायचं नाही ना?"

"हात तर लावून बघ."

मला बसवून त्या आत गेल्या. चपला घातल्या नव्हत्या. लाकडावरून चटईवर, चटईवरून दगडावर, कुठे अडल्या नाहीत. कप बशीवर टेकल्याचा आवाज आला नाही, की पातेल्याचा. चहा घेऊन आल्या, तिसरा कप सिस्टरांसाठी झाकून ठेवलेला, त्यावर लाकडी झाकण. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः बाजेच्या उशाशी जमिनीवर बसल्या, तोंड माझ्याकडे, कान मागे.

कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नाही. काढला असता तर टिचकन आवाज झाला असता.

आम्ही चहा प्यायलो. मग बराच वेळ तशाच बसलो. मध्येच सिस्टर काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक कुठल्या तरी पेशंटला, आणि कुशीवर वळल्या. ताईंनी न बघता हात मागे नेला, चादरीची कड शोधली, आणि खांद्यापर्यंत ओढली.

मी निघाले. ताई दारापर्यंत आल्या आणि दार इतक्या हळू लावलं, की ते लागलं हे मला जिन्यावर आल्यावर कळलं.